मोटार चोरणाऱ्या पोराला बाँडवर का सोडलं?

प्रश्न : माझ्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार चोरीला गेली. ज्वारीचं पाणी पंधरा दिवस हुकलं. चोर गावातलाच, १९ वर्षांचा. कोर्टाने त्याला तुरुंगात न घालता बाँडवर सोडलं. वर्षभर आत घातल्याशिवाय असल्यांना वचक बसणार कसा?
– एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : दादा, ज्वारी पोटरीत असताना पाणी हुकलं की काय होतं ते मला ठाऊक आहे, माझं माहेर करमाळ्याचं. तुमचा राग रास्त आहे.

मी बावीस वर्षं परिविक्षा अधिकारी होते, म्हणजे कोर्टाने बाँडवर, चांगल्या वर्तनाच्या लेखी हमीवर, सोडलेल्यांवर देखरेख ठेवणारी. माझ्याकडे असाच एक पोरगा आला होता, मोटारीतलं तांबं भंगारात विकलेला. घरी चौकशीला गेले तर दाराला कुलूप नाही, सुतळी. आईबाप ऊसतोडीला, घरात हा आणि धाकटी बहीण. डब्यात मूठभर तांदूळ. खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं दहावीचं नापासाचं गुणपत्रक. ती पिशवी मी अजून विसरले नाही. हा आत गेला असता तर बहिणीची शाळा सुटली असती आणि याची संगत सराईतांशी जमली असती.

त्याला मोटार वाइंडिंगच्या दुकानात लावलं. चोराच्या हातात तांबं द्यायला मालक तयार होईना. तीन खेपा घालाव्या लागल्या. पोराने सुरुवातीला दांड्याही मारल्या. बाँडची मुदत संपली तेव्हा मात्र तो तिथेच पगारावर होता.

सगळे असे निघत नाहीत. एकाने पुन्हा चोरी केली, तेव्हा कोर्टाने त्याला पहिल्या गुन्ह्याचीही शिक्षा दिली. कायद्यात ती सोय आहे.

अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ चा. जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यात, २१ वर्षांखालच्या दोषी ठरलेल्याला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला तशी कारणं लिहावी लागतात. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे कोर्ट नुकसानभरपाईही द्यायला लावू शकतं. तुमच्या आदेशात ती आहे का, हे सरकारी वकिलांना आधी विचारा.

आणि देखरेखीचा आदेश असेल तर त्या अधिकाऱ्याला जाऊन भेटा. पोरगा रात्री कुठे असतो, कुणाबरोबर फिरतो, कामावर जातो का, हे सांगा. महिन्यातून एकदा येणाऱ्या आमच्यासारख्यांना ते दिसत नाही, तुम्हाला रोज दिसतं.