आईला बारा वर्षं दमा सांगितला, आता बायोप्सीत 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरलेट' आलंय. हा कॅन्सर आहे का?

ट्यूमरलेट म्हणजे कॅन्सर नाही, हे आधी आईंना सांगा.

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. वय 58, सिगरेट कधी नाही, वर्षानुवर्षं कोरडा खोकला, पंप घेऊनही दम लागतोच आणि सीटीत दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला 'डिपनेक' (DIPNECH) या फुप्फुसाच्या दुर्मीळ आजाराची शंका येते. 1992 मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. रुग्ण बहुतेक पन्नाशी-साठीच्या, धूम्रपान न करणाऱ्या बायका, आणि त्यातल्या कित्येक जणी आधी दम्याची औषधं घेत असतात.

श्वासनलिकांच्या अस्तरात न्यूरोएंडोक्राइन पेशी, म्हणजे संप्रेरकांसारखी द्रव्यं सोडणाऱ्या पेशी, सगळ्यांच्याच असतात, पण तुरळक. या आजारात त्या कारण नसताना वाढत जातात. अस्तराबाहेर येऊन 5 मिमीपेक्षा लहान गाठ झाली की ट्यूमरलेट, 5 मिमी किंवा मोठी झाली की कार्सिनॉइड. कार्सिनॉइड मात्र कॅन्सरमध्येच मोडतो, बहुधा अगदी संथ वाढणारा. म्हणून सगळ्यात मोठी गाठ किती मिमी आहे, हे रिपोर्टात बघाच.

दम गाठींमुळे फारसा लागत नाही. बारीक श्वासनलिकांभोवती व्रण धरतो, त्या आक्रसतात आणि आत गेलेली हवा बाहेर पडत नाही. पंपाने स्नायू सैल होतात, व्रण तसाच राहतो. श्वास पूर्ण सोडायला लावून सीटी काढला की हवा अडकलेले भाग काळपट ठिपक्यांसारखे उठून दिसतात. नेहमीचा सीटी श्वास भरून काढतात, त्यात हे सहज निसटतं. तसा काढलाय का, विचारा.

एक मात्र आहे. जुन्या टीबीच्या किंवा ब्रॉन्किएक्टेसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावतात तो आजार) व्रणाजवळही एखादा ट्यूमरलेट सापडतो, त्याला डिपनेक म्हणत नाहीत. आणि निव्वळ गाठी दिसल्या म्हणून कुणी टीबीची औषधं सुरू करत असेल, तर आधी थुंकीत किंवा बायोप्सीत पुरावा आहे का ते विचारा.

उपचार त्रासावर ठरतो. खोकला फार असेल तर महिन्याला एक ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅन्रिओटाइडचं इंजेक्शन देतात. बऱ्याच जणींचा खोकला त्याने कमी होतो, श्वासाचे आकडे सुधारतीलच असं नाही. त्रास कमी असेल तर फक्त पीएफटी (फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी) आणि सीटी ठरावीक काळाने. अनेक जणी वर्षानुवर्षं स्थिर राहतात.

घरात जुन्या सीटीची सीडी असेल तर ती शोधून पुढच्या भेटीत न्या. गाठी वाढताहेत की आहेत तशाच आहेत, हे तिच्याशी ताडून लगेच कळेल.