जुबाहून सोलापूरला फोन लावताना

भावा, शांतिसेनेच्या तुकडीबरोबर जुबाला, दक्षिण सुदानच्या राजधानीत चाललायस, तर ध्यानात ठेव: दक्षिण सुदान आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. तू रात्री नऊला निवांत फोन लावशील, तेव्हा सोलापुरात साडेबारा वाजलेले असतात. मी पहिले दोन महिने हेच केलं. बायको झोपेत हं-हं करायची आणि मी रुसायचो! मग तिथले पाच ठरवले. इकडं साडेआठ, तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, भाकरी थापल्याचा थपथप आवाज. बोलणं कमी झालं तरी चालायचं.

‘कशी आहेस’ विचारू नकोस, ‘बरी आहे’ एवढंच येतं. नळाला पाणी कितव्या दिवशी आलं, ते विचार. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतून व्हिडिओ कॉल करायला सांग.

गस्तीचं, तुकडीच्या हालचालीचं फोनवर बोलायचं नसतं, हे मात्र निघण्याआधीच तिला सांगून ठेव. नाहीतर तिला वाटतं, हा काहीतरी लपवतोय.