उकळत्या पेजेत टिकणारं एन्झाइम कारखान्याला का लागतं?

तुमचा प्रश्न असा, की स्टार्चसारख्या कार्बोहायड्रेटवर काम करणारी एन्झाइम्स उद्योगाला उष्णतेत टिकणारीच का हवी असतात, साधी का चालत नाहीत? मक्यापासून लिक्विड ग्लुकोज काढणाऱ्या कारखान्यात माझी बावीस वर्षं गेली. आता संगमेश्वरजवळ गावी असतो. उत्तर आमच्या चुलीवरच आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

घरात तान्हं बाळ असलं की आई नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवायची. तांदळाची घट्ट पेज चुलीवरून उतरवायची, बोटाला जेमतेम सोसेल इतकी निवली की त्यात ते पीठ चमचाभर ढवळायचं. चमचा उभा राहील अशी पेज बघता बघता पातळ होते. मोडाच्या दाण्यात अमायलेज असतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. तेच पीठ रटरटत्या पेजेत टाकलं तर पेज जवळजवळ तशीच घट्ट राहते, कारण एन्झाइम हे प्रथिन आहे. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग थिजतो, तसंच त्याचंही होतं.

कारखान्याची अडचण नेमकी हीच. कच्च्या स्टार्चचा कण घट्ट बांधलेला असतो. तो 60-70 अंशांच्या पुढे गेल्यावरच फुगून मोकळा होतो, त्याआधी एन्झाइमला आत शिरायला वावच नसतो. टाकीत तर शंभर किलोमागे तीस-पस्तीस किलो स्टार्च. पेज निवण्याची वाट बघत बसलो तर आत खळीचा गोळा होईल आणि पंप हलणार नाही. म्हणून उष्णतेत टिकणारं अमायलेज थंड स्लरीतच, म्हणजे पाण्यात कालवलेल्या कच्च्या स्टार्चमध्येच, घालतात, मग वाफेने ती 105 अंशांवर पाचेक मिनिटं नेतात आणि पुढे दीड-दोन तास 95 अंशांवर ठेवतात. कण फुटतो त्याच क्षणी साखळी तुटायला लागते. नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकला की आधी स्टार्चमुळे गडद निळा येणारा रंग तांबूस होत जातो, तो बघायला मला शेवटपर्यंत आवडायचं. या तुकड्यांचं ग्लुकोज करणारं पुढचं एन्झाइम, ग्लुकोअमायलेज, मात्र 60 अंशांवर काम करतं, त्याला एवढा ताप लागत नाही.

पूर्वी हेच काम आम्लाने करत. त्यात पाक काळवंडायचा, आणि आम्ल मारताना मीठ तयार व्हायचं ते वेगळं काढावं लागायचं.

मका आणि तांदळाच्या कणीपासून इथेनॉल करतानाही सुरुवात अशीच होते. कापडगिरण्यांत विणण्याआधी सुताला लावलेली खळ नंतर गरम पाण्यात अमायलेजने काढतात, धागा न दुखवता. कागदाच्या लगद्यात झायलनेज, म्हणजे लाकडातलं झायलन हे कार्बोहायड्रेट तोडणारं एन्झाइम, वापरलं की ब्लीचिंगला क्लोरीन कमी लागतं.

आमच्याकडे तुरळला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यामुळे लोक हमखास विचारतात, ही एन्झाइम्स झऱ्यातून येतात का? काही येतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांतला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू 1969 मध्ये जगासमोर आणला, तेव्हापासून अशा पाण्यांकडे सगळ्यांचं लक्ष आहे. पण स्टार्च उद्योगाचं नेहमीचं अमायलेज मुळात बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं, आणि तो मातीतला जिवाणू. त्याला स्वतःला 95 अंशांत वाढता येत नाही, त्याचं एन्झाइम मात्र तिथे काम करतं. मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

आणखी एक सांगायलाच हवं. उष्णतेत टिकतं म्हणजे कशातही टिकतं असं नाही. त्याच्या रेणूची घडी कॅल्शियम धरून ठेवतं, आणि आम्लता वाढली की ती घडी सुटते. आम्लता पीएच या आकड्याने मोजतात, आम्लता वाढली की तो उतरतो. एका रात्रपाळीत आमच्याकडे पीएच 6 च्या जवळ ठेवायचा तो साडेचारवर उतरला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तापमान बरोबर होतं, एन्झाइमही मोजून घातलं होतं. पहाटे नमुना घेतला तर आयोडीन निळंच, आणि टाकीतला माल फावड्याने काढावा लागला.