बोल्ट जर्मनीला, धूर आपल्या खात्यात

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा बोल्टचा छोटा कारखाना आहे. जर्मनीचं गिऱ्हाईक आता दराबरोबर कार्बनचा हिशेबही मागतंय. ही काय नवी भानगड? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : न्हावाशेव्यात मी तीस वर्षं शिपिंग बिलं भरली, धुराचा, म्हणजे कार्बनचा, रकाना कधी नव्हता. माल परदेशी जायचा, धूर भारताच्या खात्यात. आजही तसाच मोजतात. पण युरोपचा ‘सीबॅम’, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा आकार, आला : २०२३च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती, २०२६पासूनच्या मालावर आयातदाराला पैसेही. सीबॅमखालच्या मालाची त्याची आयात वर्षाला ५० टनांच्या आत असेल तर सूट, हे आधी विचारा. तुमचं वीजबिल त्यात धरत नाहीत. खरा धूर बोल्ट ज्यातून बनतो त्या वायर रॉडच्या पोलादाचा, तेव्हा रॉडवाल्याकडूनच आकडा लेखी घ्या. तो टाळाटाळ करेल, सोडू नका.