सेकंडहँड गाडी घेताना: वाचकांचे प्रश्न

जुन्या गाडीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. विकणारा जे तोंडी सांगतो त्याला गाडीवर किंवा कागदावर दुसरा पुरावा शोधायचा, हेच यातल्या प्रत्येक उत्तरात आहे.

प्रश्न: 2019 ची पेट्रोल हॅचबॅक बघितली. मीटरवर 31,000 किलोमीटर आहेत. डीलर म्हणतो, ‘सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन.’ मीटर मागे घेतलंय की नाही, हे कसं कळणार? (ऐरोली)

डिजिटल मीटरचा आकडा बदलायला आता लॅपटॉप आणि थोडा वेळ पुरतो. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका, तो बाकीच्या गाडीशी जुळतो का ते बघा.

सुरुवात टायरपासून करा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2219 म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. कंपनीतून आलेले टायर साधारण 40 ते 50 हजार किलोमीटर चालतात. तुमच्या गाडीला चारही टायर 2022 चे असतील, तर 31,000 चा हिशेब बसत नाही, कारण पहिले टायर तेव्हाच झिजून गेलेले असणार. टायर 2024 किंवा त्यानंतरचे असतील, तर रबर म्हातारं झालं म्हणून बदलले असं म्हणता येतं. स्टेपनी मात्र 2019 चीच हवी.

मग क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. 30 हजारांत त्यावरच्या रेषा पुसल्या जात नाहीत. पेडल गुळगुळीत असेल, किंवा जुन्या गाडीत रबर कोरं करकरीत असेल, तरी विचारा. ड्रायव्हरच्या सीटची दरवाज्याकडची कड, गिअर नॉब आणि स्टिअरिंगचा वरचा भागही बघून घ्या. पुढच्या डिस्कच्या कडेवर नख फिरवा. खोल पायरी लागली, तर डिस्क बरीच घासली गेली आहे.

सर्वांत भक्कम पुरावा सर्व्हिस हिस्ट्रीचा. विकणाऱ्याला गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून प्रिंट काढून आणायला सांगा, आणि शक्यतो सोबत जा. 2021 ला 24,000, 2022 ला 38,000 आणि आज 31,000, अशी नोंद निघाली की विषय संपला. नोंदी मधूनच थांबल्या असतील, तर पुढची सर्व्हिस कुठे झाली ते बिलासकट विचारा. काही मॉडेलमध्ये किलोमीटरचा आकडा एबीएस (ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्येही साठतो. चांगल्या स्कॅनरवाल्या मेकॅनिकला तो वाचता येतो.

प्रश्न: रंग एकदम चकाचक आहे. अपघात झालेली गाडी असेल का? (ठाणे पश्चिम)

बंपर किंवा एखादा दरवाजा रंगवलेला असणं हा दोष नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ओरखडे पडणारच. भीती असते ती गाडीचा सांगाडा वाकून सरळ केलेला असण्याची.

बॉनेट उघडा. फेंडर धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग उडालेला असेल, तर तिथे पाना लागला आहे. हेडलाइटच्या मागच्या अॅप्रनवर (आतल्या पत्र्यावर) आणि रेडिएटरसमोरच्या आडव्या पट्टीवर कंपनीचं स्पॉट वेल्डिंग असतं, म्हणजे ठरावीक अंतरावर एकसारखे गोल खळगे. तिथे ओबडधोबड वेल्डिंगची माळ किंवा नवं सीलंट दिसलं, तर गाडीने समोरून जोरदार मार खाल्ला आहे. डिकीत मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडा अशाच बघा. दरवाज्यांची रबरं ओढून छत पेलणाऱ्या खांबांवरचं वेल्डिंगही तपासा. खांब कापून जोडलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, पुढच्या अपघातात ती आतल्या माणसांना वाचवणार नाही.

पेंट मीटर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) असलेला मेकॅनिक मिळाला तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन असतो. 200 च्या वर रंगाचा दुसरा हात, आणि 500 च्या वर गेलं की खाली पुट्टी (खड्डे भरायचा लेप) समजा. छत आणि खांब इथला आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथे सहसा ओरखडे येत नाहीत.

इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर एअरबॅग उघडून गेलेल्या आहेत आणि दिव्याची वायर काढली आहे, अशी दाट शक्यता. 2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांना ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) असतो, तिथे स्कॅनर लावायला सांगा. बिघाडाचे कोड निघाले नाहीत म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीने स्वतःच्याच केलेल्या तपासण्या) अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. ते पूर्ण व्हायला गाडी काही वेळा चालवावी लागते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. तुम्ही पोहोचण्याआधी ते गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. इंजिन बंद करून ऑइलचं झाकण उघडा, आत दुधाळ थर दिसला तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागातल्या सीलचा) संशय घ्या. टेस्ट ड्राइव्ह सोसायटीच्या गेटभोवती नको. पाम बीच रोडवर स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते कळतं. गायमुखच्या चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट गेली आहे.

प्रश्न: पावसात बुडालेली गाडी ओळखण्याची खात्रीची खूण कोणती? (दिवा)

खात्रीची एकच खूण नाही, पण चार-पाच खुणा एकत्र सापडल्या की शंका उरत नाही. आपल्या भागाला हा प्रश्न फार जवळचा आहे. 26 जुलै 2005, 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणी पट्ट्यात उल्हास नदीला आलेला पूर, 2021 ला चिपळूण. प्रत्येक पुरानंतर धुऊन-पुसून काढलेल्या गाड्या बाजारात येतात. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ती भंगार म्हणून लिलावात जाते, आणि त्यातल्या काही पुन्हा उभ्या केल्या जातात.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ राहते, कारण तो भाग धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. सीट पुढे-मागे सरकवून रुळांचे बोल्ट आणि सीटखालच्या स्प्रिंगांवरचा गंज बघा. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम हाताने दाबा, तिथे ओल आणि बारीक गाळ वर्षभरही राहतो. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून कनेक्टर बघा. पिनांवर हिरवट थर असेल तर आत पाणी गेलं होतं. हेडलाइटच्या आतला पाण्याचा डाग आणि आत शिरल्याबरोबर येणारा परफ्यूमचा भपकाही संशयास्पद.

खाडीच्या भरतीचं पाणी शिरलेलं असेल तर आणखी वाईट. मीठ वायरिंगमध्ये राहून हळूहळू पिना खात जातं. आज सगळं चालतं, सहा महिन्यांनी पॉवर विंडो, मग सेन्सर, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर). पाण्यात उभ्या गाडीला कोणी स्टार्टर मारला असेल तर पाणी सिलिंडरमध्ये खेचलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. तशा अवस्थेतही इंजिन काही काळ चालतं आणि नंतर अचानक तुटतं. बुडालेली गाडी कुठल्याही किमतीला स्वस्त नाही, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न: ऑनलाइन जाहिरातीतली गाडी फार स्वस्त आहे. विकणारा सांगतो, सुरक्षा दलात आहे, बदली झाली, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे. आधी गेटपासचे पैसे पाठवा म्हणतो. (कोपरखैरणे)

एक रुपयाही पाठवू नका. ही जुनी, ठरलेली फसवणूक आहे. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), सगळं व्हॉट्सअॅपवर येतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचं असतं. आधी गेटपास, मग ट्रान्सपोर्ट, मग ‘रिफंडेबल’ डिपॉझिट अशा हप्त्यांनी पैसे काढले जातात. परताव्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असं सांगितलं की तुमचेच पैसे जातात. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: गाडीवर बँकेचं कर्ज आहे. एजंट म्हणतो, ‘टीटीओवर (मालकी बदलाच्या फॉर्मवर) सही घेऊन ठेवू, ट्रान्सफर नंतर करू.’ चालेल का? (कळवा)

नाही. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची ही पद्धत विकणारा आणि घेणारा, दोघांनाही बुडवू शकते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. आणि तुमच्या बाजूने, नाव तुमचं नाही तोवर गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

कर्ज असेल तर विकणाऱ्यासोबत बँकेत जा. फोरक्लोजरचं पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं) घ्या, तेवढी रक्कम थेट कर्ज खात्यात भरा, उरलेली विकणाऱ्याच्या खात्यात. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात येईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा आणि ते लिहून घ्या. रोख देऊ नका, 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात तशीही मनाई आहे.

ट्रान्सफरसाठी विकणाऱ्याचा फॉर्म 29 आणि तुमचा फॉर्म 30. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, तुम्ही 30 दिवसांत. विम्यातला थर्ड पार्टी भाग कायद्याने तुमच्याकडे येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही, त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीला अर्ज करा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळणार नाही. पण जुन्या पॉलिसीवर तो वाचा जरूर: एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीवर बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी क्लेम झाला होता का, कशाचा, हे विचारा.

आरसीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट मानू नका. विकणाऱ्याला तुमच्यासमोर डिजीलॉकर (कागदपत्रांचं सरकारी अॅप) उघडायला सांगा. एम-परिवहन या सरकारी अॅपवर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, तरी कर्जाची नोंद, विम्याची मुदत आणि ब्लॅकलिस्ट दिसते. मग आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा, आणि कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. ठशात घासल्याच्या रेषा किंवा वेडीवाकडी अक्षरं उमटली, तर चोरीच्या गाडीवर भंगारातल्या गाडीचा नंबर मारलेला असू शकतो.

व्यवहार डीलरमार्फत असेल, तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म 29 सी वर होते.

प्रश्न: सीएनजी गाडी घेताना वेगळं काय बघायचं? (घणसोली)

आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं आहे का, हे पहिलं. बाहेरून बसवलेलं किट नोंदलेलं नसेल, तर गाडी घेऊच नका, आगीच्या क्लेममध्ये सगळं अडकतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर 3 वर्षांनी लागते. तारीख प्लेटवर असते, आणि मुदत संपलेली असेल तर पंपावर गॅस मिळत नाही.

गाडी पेट्रोलवर किमान 10 किलोमीटर चालवा. वर्षानुवर्षं फक्त गॅसवर चाललेल्या गाडीत पेट्रोलचा पंप बिघडलेला असतो. टाकीतलं पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवतं, आणि टाकी कायम रिझर्व्हवर असेल तर तो तापून जातो. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. सिलिंडरच्या खालचा पत्रा गंजलाय का, तेही.

प्रश्न: पूर्वी टॅक्सी असलेली गाडी पांढऱ्या प्लेटवर विकली जाते का? (पनवेल)

जाते, आणि रीतसर रूपांतर केलेलं असेल तर ते बेकायदा नाही. पण ते लपवलेलं नको. गाडी 80 च्या पुढे जातच नसेल, तर टॅक्सीचा वेग मर्यादेत ठेवणारा स्पीड गव्हर्नर अजून लागलेला आहे. दरवाज्यांच्या आतल्या कडांवर जुन्या रंगाचे किंवा स्टिकरचे माग आणि मागच्या सीटची जास्त झीज बघा. तीन-चार वर्षांत लाखाच्या पुढे धावणं अशा गाड्यांना नेहमीचं आहे.

प्रश्न: ताबा घेताना काय लिहून घ्यायचं? (नेरूळ)

डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, दोघांच्या सह्या आणि मीटरचा आकडा घ्या. त्या वेळेआधीचं ई-चलान विकणाऱ्याचं, नंतरचं तुमचं. थकलेली चलानं आधीच ऑनलाइन भरायला लावा. फास्टॅग त्याने बंद केला पाहिजे, नाहीतर तुम्हाला त्या गाडीवर नवा निघणार नाही. दोन्ही चाव्या मागा. दुसरी चावी हरवली असेल, तर नव्या चावीचं कोडिंग कितीला होतं ते सर्व्हिस सेंटरला विचारून तेवढे पैसे किमतीतून वजा करा.