सर्कलवर पहिल्यांदा गाडी घालताना

रत्नागिरीच्या मारुती मंदिर सर्कलची तुम्हाला वाटणारी भीती आठवडाभराच्या सरावाने नक्की जाईल. सुरुवातीला एकच नियम पक्का करा: आपल्याकडे सर्कलला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा घालतात, त्यामुळे आत फिरणारी गाडी तुमच्या उजवीकडून येते आणि तिला आधी जाऊ द्यायचे असते. ब्रिटनने हाच अग्रक्रम १९६६ मध्ये लागू केला. आतली गाडी न अडखळता बाहेर पडली, तरच चौक मोकळा राहतो.

नवशिके दोन चुका हमखास करतात. उजवीकडे जायचे म्हणून पूर्ण वळसा टाळून उलट्या बाजूने घुसतात, आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर देत नाहीत.

दुचाकीवर असाल, तर वळणाऱ्या एसटीच्या आणि सर्कलच्या कठड्याच्या मधल्या फटीत कधीही शिरू नका, कारण बसची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि ती फट बघता बघता मिटते. पावसाळ्यात टायरांबरोबर आलेली लाल माती रस्ता निसरडा करते. म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करा.

लेन निवडण्याचा विषय सध्या बाजूला ठेवा. रविवारी सकाळी लवकर जाऊन दहा फेऱ्या मारा.