फ्रेंच साहित्यात एम.ए. : बी२ नंतर काय?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून पुण्यातील एका कंपनीत फ्रेंच ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळते. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी२ (उच्च-मध्यम) पातळी उत्तीर्ण झाले आहे. नोकरी सोडून फ्रेंच भाषा व साहित्यात एम.ए. करावे असे मनात आहे. मात्र साहित्य हा विषय मी कधीच अभ्यासलेला नाही. माझी तयारी पुरेशी आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग, मुंबईत कालिना संकुलातील फ्रेंच विभाग, दिल्लीचे जेएनयू आणि हैदराबादचे इफ्लू (इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ) हे आपल्यासमोरचे प्रमुख पर्याय आहेत. प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या असल्याने चालू वर्षाचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा. आपली खरी अडचण प्रवेशाची नसून प्रवेशानंतरची असेल, असे मला वाटते.

बी२ च्या परीक्षेत आपण एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर सुमारे २५० शब्दांत मत मांडले असेल. एम.ए.ला समोर कादंबरीतील एक उतारा येतो आणि त्यावर ‘कोमांतेर’, म्हणजे बारकाईने केलेले विवेचन, लिहावे लागते. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’चे उदाहरण घ्या. या कादंबरीवर १८५७ साली सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवल्याबद्दल खटला झाला व लेखक निर्दोष सुटला. सरकारी वकिलाची तक्रार अशी होती की, नायिका एम्माच्या वर्तनाचा निषेध करणारा आवाज पुस्तकात कुठे सापडतच नाही; आणि ते निरीक्षण बऱ्याच अंशी खरेच होते! फ्लोबेर एम्माच्या मनातले विचार ‘तिला वाटले’ असे न म्हणता थेट निवेदनात, अपूर्ण भूतकाळात मांडत जातो, त्यामुळे एखादे वाक्य तिचे की निवेदकाचे, हे वाचकालाच ठरवावे लागते. व्याकरणाच्या वर्गात हा काळ आपण सवयी आणि वर्णने सांगण्यासाठी शिकलात; इथे त्याच काळाच्या आधारे वाक्य कोणाचे हे सिद्ध करायचे असते. लेखकाचा परिचय, कथानक, स्वभावचित्रण अशा आपल्याकडच्या ठरावीक साच्यातल्या उत्तराला त्या वर्गात फारसे गुण मिळत नाहीत.

म्हणून राजीनामा देण्यापूर्वी एक कादंबरी शब्दकोश घेऊन पूर्ण वाचावी, तिच्यातील एका पानावर फ्रेंचमध्ये विवेचन लिहावे आणि ते जाणकार शिक्षकांकडून तपासून घ्यावे. त्या कामात मन रमले तर अवश्य पुढे जावे; पगारवाढ किंवा अनुवादाची कामे एवढाच हेतू असेल, तर बी२च्या पुढची सी१ पातळी आणि अनुवादाचा नियमित सराव यांचा उपयोग अधिक होईल. अध्यापनात जायचे असल्यास मात्र एम.ए.ला पर्याय नाही, कारण महाविद्यालयातील नेमणुकीसाठीची नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पात्रता पदव्युत्तर पदवीच्या आधारेच मिळते आणि फ्रेंच हा तिच्यातील एक विषय आहे.

प्रश्न : मुलगा फ्रेंचमध्ये बी.ए. झाला असून फ्रान्समध्येच मास्टर करायचे म्हणतो. खर्च झेपेल का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : तिथला मास्टर दोन वर्षांचा असून त्यात प्रबंधिकेला मोठे महत्त्व असते. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांचे वार्षिक शुल्क २०१९ मध्ये ३,७७० युरो ठरले व नंतर थोडे वाढले. काही विद्यापीठे त्यात सूट देतात, म्हणून चौकशी प्रत्येक विद्यापीठाकडे स्वतंत्रपणे करावी. फ्रेंच दूतावासाच्या शार्पाक शिष्यवृत्तीसाठीही अर्ज करावा. राहण्या-जेवणाचा खर्च शुल्कापेक्षा बराच जास्त होतो आणि पॅरिसपेक्षा लहान शहरांत तो आटोक्यात राहतो.

विषयाची निवडही आत्ताच व्हावी. फ्रेंच विद्यार्थ्यांनी ज्यावर शेकडो प्रबंधिका लिहिल्या आहेत अशा लेखकापेक्षा, आपल्या मराठीच्या बळावर पेलता येईल असा विषय त्याने शोधावा. गी दलरी या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातील) अभ्यासकाने केलेला तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. मूळ अभंग आणि तो अनुवाद शेजारी ठेवून वाचू शकणारा विद्यार्थी तिथल्या वर्गात क्वचितच असेल. वर्ग सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असले, तरी फ्रान्समधील उच्चशिक्षणाच्या प्रवेशाचे काम पाहणाऱ्या कॅम्पस फ्रान्स या संस्थेमार्फतचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात.